मोटारसायकल उचलण्याचें साधन कोणतें निवडावें?

यवतमाळ जिल्ह्यांतील शेतकऱ्याचे घरीं मोटारसायकल ही आतां चैनीची वस्तु राहिली नसून औत-अवजारांप्रमाणेंच शेतीच्या उपयोगाचें साधन झाली आहे. बियाण्याची पिशवी, फवारणीचा पंप, दुधाचा कॅन हें सर्व तिच्यावरूनच वाहिलें जातें. येथील काळी कपाशीची माती पावसाळ्यांत चाकास चिकटते, मडगार्डांत दाटते व साखळींत आणि ब्रेकच्या ड्रममध्यें शिरते. उन्हाळ्यांत तीच माती धूळ होऊन त्याच ठिकाणीं झीज करते. यामुळें डांबरी सडकेवर चालणाऱ्या गाडीपेक्षां शिवारांत फिरणाऱ्या गाडीस निगा अधिक लागते. प्रत्येक लहान कामाकरितां तालुक्याच्या गांवीं दिवस मोडणें परवडत नाहीं, म्हणून पुष्कळ शेतकरी हें काम घरींच करतात. त्यांत पहिला प्रश्न उभा राहतो तो चाक जमिनीपासून वर उचलून धरण्याचा. विटांची चवड, दगड किंवा ओंडका लावून वेळ मारून नेण्याची रीत सर्वत्र आहे. परंतु विटेवरून घसरलेली गाडी पायावर आली म्हणजे ऐन हंगामांत घरचा कर्ता माणूस अंथरुणास खिळतो. सबब या साधनाची निवड कशी करावी, याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

खरेदीस जाणारा मनुष्य बहुधा प्रथम किंमत विचारतो. आमच्या मतें त्यापूर्वीं तीन गोष्टी पाहिल्या पाहिजेत: काम कोणतें करावयाचें, गाडी किती वजनाची व कशा घडणीची आहे, आणि साधन ज्या जमिनीवर उभें राहणार ती कशी आहे. यांपैकीं तिसरी गोष्ट आपल्या जिल्ह्यांत सर्वांत महत्त्वाची असून तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलें जातें.

कामाचा विचार

इंजिनाचें ऑइल बदलणें, प्लग साफ करणें, हवेची जाळी झटकणें यांस गाडी उचलण्याची गरजच नाहीं. साखळी साफ करून तिची ढील पाहणें व मागील चाक काढून ब्रेक शू बदलणें यांस मागील चाक अधांतरीं असलें म्हणजे पुरे. पुढील चाक काढणें, पुढच्या शॉकअॅब्सॉर्बरचें काम किंवा हँडलचे छर्रे बदलणें यांस मात्र पुढचा भाग उचलावा लागतो. यावरून दिसेल कीं, घरगुती कामाचा मोठा वांटा एक चाक उचलून भागतो. संपूर्ण गाडी कमरेपर्यंत नेण्याचा प्रसंग क्वचित् येतो.

वजन व घडण

हिरो स्प्लेंडरसारख्या गाडीचें वजन सुमारें ११२ किलो असतें, तर रॉयल एनफील्डच्या ३५० सी. सी. बुलेटचें सुमारें १९५ किलो. एक चाक उचलतांना यांतील साधारण निम्मा भार साधनावर येतो. तथापि गाडी हलते, झटका बसतो. म्हणून साधनावर लिहिलेली क्षमता गाडीच्या संपूर्ण वजनाच्या निदान दुप्पट असावी. गाडीवरील पिशव्या व कॅन आधीं उतरवावे, हें सांगणें नलगे.

घडणीकडे पाहतांना गाडीखालीं वांकून बघावें. कांहीं गाड्यांत इंजिनाच्या खालून चौकटीच्या नळ्या गेलेल्या असतात. तेथें जॅक लावतां येतो. कांहींत इंजिन खालीं मोकळें लोंबतें. त्याचें कवच अॅल्युमिनियमचें असून जॅकचें टोक एका बिंदूवर टेकल्यास तें तडकूं शकतें. सायलेन्सरची नळी व ऑइल सोडण्याचा बोल्ट यांवर तर भार केव्हांही देऊं नये.

साधनांचे प्रकार

पहिलें साधन गाडीसोबतच येतें. तें म्हणजे मधलें स्टँड, ज्यास आपण डबल स्टँड म्हणतों. रोजच्या वापराच्या बहुतेक गाड्यांस तें असतें व त्यावर मागील चाक आपोआप अधांतरीं राहतें. ज्याची गाडी अशी आहे, त्यानें मागील कामाकरितां दुसरें कांहींच विकत घेऊं नये. स्टँडची स्प्रिंग व खीळ शाबूत ठेवावी, एवढेंच.

दुसरें पॅडक स्टँड. डबल स्टँड नसलेल्या गाड्यांस हें सोयीचें पडतें. मागील चाकास धरणाऱ्या चिमट्याखालीं हें लावून दांडा खालीं दाबला कीं चाक उचललें जातें. याचें तत्त्व पहारीचेंच आहे. मागील भार ६० किलो असून दांड्याची भुजा भाराच्या भुजेच्या पांचपट असेल, तर १२ किलोचा जोर पुरतो. हें साधन स्वस्त व टिकाऊ आहे. परंतु लावतांना गाडी सरळ धरण्यास दुसरा मनुष्य जवळ असावा.

तिसरा स्क्रूचा कात्री जॅक. हा नळ्यांच्या चौकटीखालीं लावून इंजिनाकडील भाग उचलतात. डबल स्टँडवर उभ्या केलेल्या गाडीचें पुढील चाक उचलण्यास हा उत्तम. माथा रुंद व रबर लावलेला पाहून घ्यावा.

चौथी तेलाच्या दाबाची टेबल लिफ्ट. हींत लहान दट्ट्यानें दाबलेलें तेल मोठ्या दट्ट्यास वर लोटतें. ट्रॅक्टरच्या मागें नांगर उचलणारी रचना याच तत्त्वाची आहे. परंतु ट्रॅक्टर बाळगणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे कीं, नांगर वर ठेवून इंजिन बंद केलें तर कांहीं वेळानें तो हळूहळू खालीं बसतो, कारण तेल सीलमधून पाझरतें. टेबल लिफ्टही याच कारणानें बसूं शकते. म्हणून जिला उंचीवर अडकवून ठेवणारी लोखंडी खीळ अथवा दांते नाहींत, ती लिफ्ट फुकट मिळाली तरी घेऊं नये. तेल उचलण्याकरितां आहे, धरून ठेवण्याकरितां नव्हे.

कांहीं जण घराच्या आढ्यास सांखळीची कप्पी बांधून गाडी टांगतात. कवेलूच्या छपराचीं लांकडें कवेलूंच्या भाराकरितां घातलेलीं असतात, अधांतरीं झुलणाऱ्या भाराकरितां नव्हे. हा मार्ग सर्वथा वर्ज्य समजावा.

खालची जमीन

काळी माती पाणी प्याली कीं फुगते व वाळली कीं भेगाळते. अशा जमिनीवर उत्तम जॅकही एका बाजूस रुततो व गाडी कलंडते. यावर तात्पुरता उपाय जाड फळीचा. समजा १०० किलोचा भार १० सेंटिमीटर लांब-रुंद तळाच्या जॅकवर आहे. तर जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरास १ किलो दाब पडतो. त्याखालीं ३० सेंटिमीटर लांब-रुंद भक्कम फळी घातली तर तोच दाब नवव्या हिश्शावर येतो.

कायमचा उपाय ओट्याचा. सुमारें १० फूट लांब व ६ फूट रुंद जागेंतील काळी माती निदान १ फूट खोल काढून टाकावी, थरांथरांनीं मुरूम भरून पाणी मारून चोपावा, आणि वर ४ इंच काँक्रीट घालावें. माती खोल असेल तेथें मुरूमही अधिक घालावा. पाणी ओट्याच्या कडेस साचूं देऊं नये. आमच्या मतें लिफ्टीच्या आधीं ओटा करावा. ओट्यावरील साधा जॅक हा भेगाळ जमिनीवरील महागड्या लिफ्टीपेक्षां अधिक विश्वासाचा आहे.

वापरतांना

गाडी उचलण्यापूर्वीं पुढचा ब्रेक सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनें आवळून बांधावा. पुढचेंच चाक काढावयाचें असेल तर मागील चाक दोहों बाजूंनीं अडवावें. गाडी उचलली कीं लगेच खालीं लांकडी टेकू द्यावा. बैलगाडीचें चाक काढून वंगण घालतांना आपले वडील टेकू दिल्याशिवाय हात घालीत नसत. तोच नियम येथें पाळावा. साखळी साफ करतांना इंजिन चालू करून गिअर टाकूं नये; फिरत्या साखळींत फडकें अडकलें कीं बोटही त्यासोबत जातें. चाक हातानेंच फिरवावें. मुलांस त्या वेळीं जवळ येऊं देऊं नये.

सारांश, डबल स्टँडची हलकी गाडी असलेल्यानें ओटा, एक कात्री जॅक व दोन टेकू एवढ्यावर भागवावें. डबल स्टँड नसलेल्यानें त्यांत पॅडक स्टँडची भर घालावी. टेबल लिफ्ट जड गाडीच्या धन्यानें, किंवा गुडघे-कंबर यांच्या दुखण्यामुळें ज्यास खालीं बसवत नाहीं त्यानें घ्यावी; त्यांतही खीळ तपासून, वेल्डिंग पाहून व सील पुढें मिळतील कीं नाहीं याची दुकानदाराकडे खात्री करून घ्यावी. चार-पांच घरांनीं मिळून एक लिफ्ट एका पक्क्या ओट्यावर ठेवल्यास प्रत्येकावर खर्चाचा बोजा हलका पडेल आणि काम करतांना दुसरा हातही आपोआप जवळ राहील.