सौंदर्यप्रसाधनांतील सुगंधद्रव्ये : सुरक्षितता आणि नियमन

प्रस्तावना

काशीगावातील दुकानातून घेतलेल्या साबणाच्या किंवा क्रीमच्या वेष्टनावर घटकांची यादी असते. त्या यादीत तेल, रंग, परिरक्षक यांची नावे स्वतंत्रपणे दिलेली असतात. सुगंधासाठी मात्र बहुधा ‘परफ्युम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ हा एकच शब्द आढळतो. या एका शब्दामागे अनेक रासायनिक संयुगे असू शकतात. ती नावाने सांगितली जाणे का आवश्यक आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात लिलिअल या सुगंधद्रव्याच्या आधारे केला आहे.

लिलिअलचे उदाहरण

लिलिअल, म्हणजेच ब्युटिलफेनिल मिथिलप्रोपिओनल, हे फुलांसारखा मंद गंध असलेले कृत्रिम द्रव्य होय. साबण, शाम्पू, अत्तरे आणि कपडे धुण्याची द्रव्ये यांत ते दीर्घकाळ वापरले गेले. प्रयोगशाळेतील उंदरांच्या शरीरात त्याचे विघटन होऊन तयार होणारे एक आम्ल शुक्रपेशींना बाधक ठरते, असे दिसून आले. युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीने 2019 मध्ये त्याचा विचार करताना एकेका उत्पादनापुरते न पाहता, एकच व्यक्ती दिवसभरात वापरत असलेल्या सर्व उत्पादनांतून होणारा एकत्रित संपर्क लक्षात घेतला. असा एकत्रित वापर सुरक्षित मानता येत नाही, असा निष्कर्ष तिने काढला. पुढे प्रजननास घातक म्हणून त्याचे वर्गीकरण झाले आणि 1 मार्च 2022 पासून युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांतील त्याचा वापर निषिद्ध ठरला.

येथे एक बाब महत्त्वाची आहे. युरोपीय संघाने 2003 मध्ये त्वचेस अ‍ॅलर्जी आणू शकणारी 26 सुगंधद्रव्ये निश्चित केली. त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात 0.001 टक्के आणि धुऊन टाकल्या जाणाऱ्या उत्पादनात 0.01 टक्के यांहून अधिक प्रमाण असल्यास ती नावाने छापणे 2005 पासून बंधनकारक झाले. त्या 26 द्रव्यांत लिलिअल होते. त्यामुळे बंदी आली तेव्हा तेथील ग्राहकास घरातील बाटलीवर ते नाव शोधता आले. 2023 मध्ये ही यादी वाढवून 80 हून अधिक करण्यात आली.

नैसर्गिक द्रव्यांचा प्रश्न

नैसर्गिक ते निर्धोक, हा समज येथे टिकत नाही. खानदेशात रोशा गवतापासून तेल काढण्याचा व्यवसाय जुना आहे. त्या तेलातील प्रमुख घटक जिरॅनिऑल. लवंगेत युजेनॉल असते, तर गवती चहात सिट्रल. ही तिन्ही द्रव्ये 2003 च्या उपरोक्त यादीत आहेत. त्वचारोगतज्ज्ञ पट्टी-चाचणीसाठी जे सुगंधमिश्रण वापरतात, त्यात जिरॅनिऑल व युजेनॉल यांचा समावेश असतो. तथापि यादीतील नाव म्हणजे विष नव्हे. बहुसंख्य व्यक्तींना या द्रव्यांचा त्रास होत नाही. ज्यांना होतो, त्यांच्यापुढे ती टाळण्यावाचून पर्याय नसतो.

भारतीय नियमन

भारतात सौंदर्यप्रसाधने औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, 1940 च्या कक्षेत येतात. पूर्वी 1945 च्या नियमांत असलेल्या तरतुदी स्वतंत्र करून सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 तयार झाले. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस 4707 या मानकाच्या दुसऱ्या भागात वर्ज्य व मर्यादित वापराच्या द्रव्यांच्या याद्या आहेत. महाराष्ट्रात उत्पादन परवाना व तपासणी ही जबाबदारी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. वेष्टनावर घटक छापणे आवश्यक असले, तरी सुगंधाच्या बाबतीत एका शब्दाने भागते. परिणामी पट्टी-चाचणीत जिरॅनिऑलची अ‍ॅलर्जी सिद्ध झालेल्या रुग्णास कोणता साबण टाळावा, हे वेष्टनावरून कळत नाही. निदान होते, परंतु त्याचा उपयोग करता येत नाही.

निष्कर्ष

सुगंधाचे संपूर्ण सूत्र हे उत्पादकाचे व्यापारी गुपित असते आणि ते जपण्याचा त्याचा हक्क मान्य करता येईल. परंतु ज्ञात अ‍ॅलर्जीकारक द्रव्यांची नावे, प्रमाण न सांगता, छापल्याने ते गुपित उघड होत नाही. लिलिअलच्या उदाहरणावरून असे दिसते की बंदी हा नियमनाचा अखेरचा टप्पा असून नामनिर्देश हा पहिला होय. आपल्याकडे प्रथम तो पहिला टप्पा गाठला जाणे अगत्याचे आहे. रसायनशास्त्राच्या अध्यापकांना विद्यार्थ्यांकडून घरातील वेष्टनांचे वाचन करवून घेता येईल. अल्डिहाइड व टर्पीन यांचा पाठ त्यातून नित्य जीवनाशी जोडला जाईल.