डोंगरावरचा हेन्री मूर : औंधच्या चित्रसंग्रहालयाच्या नवलकथा

हेन्री मूर या जगप्रसिद्ध ब्रिटिश शिल्पकाराचं एक शिल्प सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या एका गावात आहे, हे ठाऊक होतं? गाव औंध, आणि पत्ता यमाई देवीच्या डोंगरावरचं श्रीभवानी चित्रसंग्रहालय. दगडातली आई आणि तिचं बाळ. नाकडोळ्यांच्या रेखीवपणाच्या फंदात मूर पडलेला नाही. सगळी माया त्या गोलाईत आहे. घाईनं पुढं जाऊ नका, चारी बाजूंनी फिरून बघा.

हे सारं उभं केलं औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. संस्थान अगदी चिमुकलं आणि तेही सलग नाही. औंध इकडं, आटपाडी तिकडं, एक तुकडा तर पार विजापूरकडं! पण राजा स्वतः चित्रकार. 1916 साली त्यांचं 'चित्ररामायण' छापून आलं, त्यातली चित्रं त्यांच्याच हातची. पुढं चित्रकारांना घेऊन ते अजिंठ्याला गेले, भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या आणि 1932 मध्ये त्यावर ग्रंथ काढला. वर कीर्तनंही करायचे. आणि हो, सूर्यनमस्काराचा देशभर प्रचार करणारे औंधचे राजे ते हेच.

पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, त्यामागंही बाळासाहेबच. त्यांना सचित्र महाभारत हवं होतं आणि त्यासाठी त्यांनी लाख रुपयांची देणगी दिली. त्या काळातले लाख!

कलेची माणसं औंधला आपसूक जमत गेली. वेदांचे भाष्यकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते पंडित सातवळेकर मूळचे जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले चित्रकार. ते 1918 पासून तीस वर्षं औंधला राहिले. दुसरे लक्ष्मणराव किर्लोस्कर. तेही जे. जे.चेच विद्यार्थी, पण रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून चित्रकला सोडून यंत्रांकडं वळलेले. कारखान्याला जागा मिळेना तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन दिली आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. महाराष्ट्राच्या उद्योगाचं एक मूळ असं चित्रकार राजाच्या संस्थानात आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

संग्रहालयाची इमारत 1938 ची. भिंतीवरच्या चित्रांवर वरून नैसर्गिक उजेड पडावा, अशी तिची बांधणी. त्याच सुमारास बाळासाहेब आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवायला निघाले होते. गांधीजींच्या सल्ल्यानं घडलेली राज्यघटना 1939 च्या जानेवारीत लागू झाली आणि कारभार ग्रामपंचायतींकडं गेला. एका हातानं सत्ता सोडली, दुसऱ्या हातानं आयुष्यभराचा संग्रह लोकांपुढं मांडला. मला तरी या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. एरवी राजांची चित्रं राजवाड्याच्या दिवाणखान्यात राहतात. इथं देवीच्या दर्शनाला आलेल्या शेतकऱ्याला राजा रविवर्म्याची 'दमयंती' आणि 'सैरंध्री' बघायला मिळाली.

रविवर्म्याच्या सोबतीला चित्रकार धुरंधर आहेत, लघुचित्रं आहेत, युरोपातल्या गाजलेल्या कलाकृतींच्या प्रतिकृती आहेत. प्रतिकृती बघून नाक मुरडू नये. ज्यांना रोम-पॅरिसला जाणं शक्यच नव्हतं, त्यांच्यासाठी ती खिडकी होती.

संस्थान 1948 मध्ये विलीन झालं. संग्रहालय आज राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडं आहे.

जायचं तर साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे औंध गाठा. अश्विन वद्य पंचमीचा मुहूर्त साधलात तर आणखी छान. तेव्हा औंध संगीत महोत्सव असतो. 1940 पासूनची परंपरा आहे ती, दरबारगायक अंतुबुवा जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेली. दिवसा चित्रं बघा आणि रात्री गाणं ऐका.