इंजिन बसलं! बांधायचं, बदलायचं की गाडीच काढून टाकायची?

उन्हाळ कांदा भरलेली पिकअप उमराण्याकडून निघते. राहूड घाट चढताना तापमानाचा काटा लाल रेषेला टेकतो. चांदवड आता जवळच आहे, लिलावाची वेळ गाठायचीय, म्हणून गाडी तशीच दामटली जाते. घाटमाथ्यावर दोन झटके बसतात आणि इंजिन बंद पडतं. नंतर सेल्फ मारला तर नुसता 'टक' आवाज.

माल दुसऱ्या गाडीत भरून बाजारात जातो. गाडी दोर लावून गॅरेजला येते आणि मेकॅनिक सांगतो, "मालक, इंजिन गेलं." मग तीन माणसं तीन सल्ले देतात. एक म्हणतो बांधून टाक, दुसरा म्हणतो भंगारातलं इंजिन आण, तिसरा म्हणतो दुसऱ्या कंपनीचं दमदार इंजिन बसव. हप्ते चालू असतात, हंगाम निघून चाललेला असतो. घाईत घेतलेला निर्णय इथंच महाग पडतो.

आधी बघा, इंजिन खरंच गेलंय का?

बंद पडलेलं प्रत्येक इंजिन 'गेलेलं' नसतं. कधी स्टार्टर जळालेला असतो, कधी टायमिंग बेल्ट तुटलेला असतो, तर कधी नुसतं हेड गॅस्केट फुटलेलं असतं. इंजिन उतरवण्याआधी मेकॅनिककडून एवढं करून घ्या:

- क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हातानं फिरतं का बघा. फिरत असेल तर आशा आहे. टायमिंग बेल्ट तुटलेला असेल तर मात्र आधी तो तपासा, जबरदस्तीनं फिरवू नका.
- ऑईलची पट्टी काढा. ऑईल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. गॅस्केट फुटलं असेल किंवा हेडला तडा गेला असेल.
- ऑईलमध्ये चमकणारी धातूची कीस दिसली तर बेअरिंग घासलेत.
- इंजिन चालू होत असेल तर ऑईल भरायचं झाकण उघडा. तिथून जोरात धूर येत असेल तर रिंगा आणि बोअर झिजलेत. सायलेन्सरचा निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही पांढरी वाफ थांबत नसेल तर पाणी आत जातंय.
- प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या.

पुराच्या पाण्यात बंद पडलेल्या गाडीला मात्र सेल्फ मारूच नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा गाडीचा विमा असेल तर इंजिन उघडण्याआधी विमा कंपनीला कळवा. साध्या विम्यात इंजिनाचं असं नुकसान बहुधा धरत नाहीत, त्यासाठी वेगळं इंजिन संरक्षण घेतलेलं असावं लागतं.

उघडायचे पैसे द्या, पण माप लिहून घ्या

इंजिन खोलल्याशिवाय सांगितलेला खर्च हा अंदाजच असतो. म्हणून आधी फक्त 'खोलणं आणि तपासणं' एवढंच काम ठरवा. ब्लॉक आणि क्रँक लेथवर पाठवा आणि बोअरचं, क्रँकच्या जर्नलचं माप कागदावर मागा. हेडला तडा आहे का, ते वाकलंय का, हेही बघून घ्या.

सगळा निर्णय ब्लॉक आणि क्रँक या दोन गोष्टींवर येऊन थांबतो. रॉड तुटून ब्लॉकला भोक पडलं असेल तर बांधण्यात अर्थ नाही. ब्लॉक शाबूत असेल आणि क्रँक घासून मापात येत असेल, तर इंजिन बांधता येतं.

आणखी एक प्रश्न मेकॅनिकला विचाराच: इंजिन गेलं कशानं? रेडिएटर क्षारांनी चोंदला होता, वॉटर पंप गेला होता की ऑईल पंप दाब देत नव्हता? मूळ कारण तसंच राहिलं तर नवं इंजिनही त्याच घाटात बसेल.

पहिला रस्ता: इंजिन बांधणं

गाडीचा सांगाडा धड आहे, कागद स्वच्छ आहेत, ब्लॉक-क्रँक मापात आहेत आणि सुटे भाग सहज मिळतात, तेव्हा हा रस्ता बरा. बऱ्याच ट्रॅक्टरच्या इंजिनांना बदलता येणारे लायनर असतात. लायनर, पिस्टन, रिंगांचा संच बदलला की ब्लॉक पुन्हा कामाला लागतो. जिथं लायनर नसतो तिथं बोअर वाढवून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठे पिस्टन टाकतात. क्रँक तेवढाच घासून जाड बेअरिंग बसवतात. पण हे आधी किती वेळा झालंय ते विचारा. मर्यादा संपली असेल तर पुढं घासता येत नाही.

"नुसत्या रिंगा टाकून देतो, हाफ काम होईल" हे ऐकायला स्वस्त वाटतं. पण बोअर अंडाकृती झिजला असेल तर नव्या रिंगा नीट बसत नाहीत, थोड्या दिवसांत पुन्हा ऑईल जळायला लागतं. बेअरिंग घासून इंजिन गेलं असेल तर कीस ऑईलच्या बारीक वाटांत, ऑईल कूलरमध्ये आणि टर्बोत अडकलेली असते. ती साफ केली नाही तर नवे बेअरिंगही खाते.

दुसरा रस्ता: त्याच जातीचं दुसरं इंजिन

ब्लॉक फुटलाय किंवा क्रँक वाया गेलाय, पण गाडी चांगली आहे, अशा वेळी हा रस्ता. कंपनीचं नवं इंजिन किंवा अर्धं इंजिन, म्हणजे पिस्टन-क्रँकसह तयार ब्लॉक, महाग पडतं. पण त्याला बिल आणि हमी असते. जुन्या बाजारातलं इंजिन स्वस्त आणि दोन-तीन दिवसांत बसतं, पण ते किती चाललंय हे कळत नाही. घेताना ते चालू करून दाखवायला सांगा, कॉम्प्रेशन बघा, आणि बसत नसेल तर परत घेण्याची बोली कागदावर घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंजिन नंबर. तो घासलेला, खोडलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर कितीही स्वस्त असलं तरी हात लावू नका. ज्या गाडीतून इंजिन काढलं तिचे कागद आणि पक्कं बिल मागा. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर जाब तुम्हालाच द्यावा लागेल.

तिसरा रस्ता: वेगळ्याच जातीचं इंजिन

एके काळी पेट्रोलच्या जीपला, ॲम्बॅसिडरला डिझेल इंजिन बसवून घ्यायचे. आजचं गणित वेगळं आहे. इंजिनाचे माउंट, गिअरबॉक्स, रेडिएटर, वायरिंग सगळं बदलावं लागतं. देशभर एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले. बीएस-६ गाड्यांत इंजिन, संगणक आणि धूर गाळणारी यंत्रणा एकमेकांना बांधलेली असते. त्यात दुसरं इंजिन घुसवणं गावच्या गॅरेजचं काम नाही. आरटीओनं परवानगी दिली नाही तर खर्च करूनही गाडी रस्त्यावर आणता येत नाही. रोजीरोटीच्या गाडीसाठी हा रस्ता टाळलेलाच बरा.

कायदा काय म्हणतो?

इंजिन नंबर आरसी बुकात असतो. तेच इंजिन बांधलं आणि ब्लॉक तोच राहिला तर नंबर बदलत नाही. इंजिन किंवा ब्लॉक बदलला तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आधी आरटीओची परवानगी घ्यायची आणि बदल केल्यापासून १४ दिवसांत तो आरसीत नोंदवून घ्यायचा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची किंवा फायनान्सवाल्यांची लेखी संमतीही लागते. ट्रॅक्टरलाही हेच लागू. नोंद केली नाही तर फिटनेसला, गाडी विकताना आणि अपघातानंतर विम्याचा दावा करताना हाच नंबर आडवा येतो.

हिशेब असा मांडा

समजा, तुमची पिकअप चालू स्थितीत २,५०,००० रुपयांना जाईल आणि बंद स्थितीत ८०,००० ला. इंजिन बांधायला ९०,००० लागतात. म्हणजे ९०,००० घालून गाडीची किंमत १,७०,००० नं वाढते. बांधणं परवडलं.

आता तीच गाडी गंजलेली आहे, चेसिसला तडा आहे, टायर संपलेत. चालू स्थितीतही तिला १,४०,००० च मिळतील आणि बंद स्थितीत ६०,०००. इथं ९०,००० घालून किंमत ८०,००० नंच वाढते, वर टायर-चेसिसचा खर्च उभाच. अशी गाडी आहे तशी विका. अगदीच संपली असेल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या. तिथल्या प्रमाणपत्रावर नवी गाडी घेताना करात सवलत मिळू शकते.

यात बुडालेले दिवसही धरा. बांधायला २० दिवस आणि दुसरं इंजिन बसवायला ५ दिवस लागणार असतील, आणि दिवसाला खर्च वजा जाता १,५०० रुपये सुटत असतील, तर १५ दिवसांचे २२,५०० रुपये बांधण्याच्या खर्चात मिळवा. हंगाम नसेल तेव्हा हाच आकडा जवळपास शून्य होतो. म्हणून एकच इंजिन कांद्याच्या दिवसांत बदलणं परवडतं आणि पावसाळ्यात बांधणं.

काम झाल्यावर

बदललेले जुने भाग परत मागा, बिलावर हमीची मुदत लिहून घ्या. पहिले हजारभर किलोमीटर गाडी ओव्हरलोड करू नका, इंजिन फार ताणू नका आणि पहिलं ऑईल मेकॅनिक सांगेल तेव्हा लवकर बदला. रेडिएटरमध्ये बोअरचं खारं पाणी न टाकता कूलंट टाका. थर्मोस्टॅट काढून फेकू नका.

आणि काटा लाल रेषेकडं निघाला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका. लिलाव चुकला तर माल उद्याही विकता येतो. घाटात थांबलेला अर्धा तास इंजिनाच्या खर्चापेक्षा स्वस्तच पडतो.