सार्स : औषधाविना थोपवलेली साथ

५ जुलै २००३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने सार्सची साथ आटोक्यात आल्याचे जाहीर केले. त्या दिवशीही या आजारावर खात्रीचे औषध नव्हते, लस नव्हती आणि आजाराच्या पहिल्या दिवसांत पक्के निदान करील अशी भरवशाची चाचणीही नव्हती. आठ महिन्यांत २९ देश-प्रदेशांतल्या ८,०९६ जणांना लागण झाली आणि ७७४ जण दगावले. नव्या विषाणूवरच्या विजयाचे श्रेय आपण सहसा प्रयोगशाळेला देऊन मोकळे होतो. सार्सची हकिगत बारकाईने पाहिली, तर त्यातला मोठा वाटा परिचारिका, दारोदार फिरून संपर्क शोधणारे आरोग्य कर्मचारी आणि सांडपाण्याचे नळ तपासणारे अभियंते यांच्या पदरात टाकावा लागतो.

सार्सचा विषाणू करोना कुळातला, आणि करोना विषाणूंची ओळख तशी जुनी. १९६०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्याभोवती मुकुटासारखी झालर दिसली, म्हणून हे नाव पडले. पण माणसांत आढळणारे त्या कुळातले तोवर माहीत असलेले दोन्ही विषाणू साध्या सर्दी-पडशाचे. त्यामुळे २००२च्या नोव्हेंबरमध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या फोशान शहरात विचित्र न्यूमोनियाचे रुग्ण दिसू लागले, तेव्हा या कुळाचा संशय येण्याचे कारणच नव्हते. चिनी सरकारने बातमी दाबून ठेवली आणि त्यात मोलाचे महिने गेले.

२१ फेब्रुवारी २००३ रोजी ग्वांगडोंगमधले ६४ वर्षांचे डॉक्टर लिऊ ज्येनलुन एका लग्नासाठी हाँगकाँगला आले आणि मेट्रोपोल हॉटेलच्या नवव्या मजल्यावर ९११ क्रमांकाच्या खोलीत उतरले. त्यांनी गावाकडे अशा रुग्णांवर उपचार केले होते आणि स्वतःही आजारी होते. त्यांचा मुक्काम एका रात्रीचा. तेवढ्यात त्या मजल्यावरचे इतर पाहुणे बाधित झाले आणि विमानाने सिंगापूर, टोरांटो, हनोई अशा ठिकाणी पांगले. नंतरच्या तपासात खोलीबाहेरच्या गालिच्यावर विषाणूचे अंश सापडले. जगभरातल्या निम्म्याच्या आसपास रुग्णांची साखळी मागे मागे नेली, तर ती या एका मजल्यावर येऊन थांबते.

हनोईच्या फ्रेंच रुग्णालयात त्यांपैकी एक पाहुणा दाखल झाला. जागतिक आरोग्य संघटनेचे इटालियन डॉक्टर कार्लो उर्बानी तिथे गेले. हा नेहमीचा फ्लू नव्हे, हे त्यांनी ओळखले, वरिष्ठांना कळवले आणि रुग्ण वेगळे ठेवण्याचा आग्रह धरला. १२ मार्चला जगाला इशारा गेला. २९ मार्चला उर्बानी स्वतःच याच आजाराने बँकॉकमध्ये वारले. व्हिएतनामने मात्र त्यांचे ऐकले होते. ६३ रुग्ण आणि ५ मृत्यूंवर साखळी तोडून २८ एप्रिलला साथमुक्त जाहीर झालेला तो पहिला देश ठरला.

विषाणूचा शोधही वेगाने लागला. अकरा प्रयोगशाळांनी आपापसांतली स्पर्धा बाजूला ठेवून रोजच्या रोज निष्कर्ष वाटून घेतले. मूळचे श्रीलंकेचे मलिक पेइरिस यांच्या हाँगकाँगमधल्या गटाने माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींमध्ये हा विषाणू वाढवला. एप्रिलच्या मध्यापर्यंत त्याची सुमारे ३० हजार अक्षरांची जनुकीय संहिता वाचून झाली होती.

पण विषाणू ओळखला म्हणजे तो पसरतो कसा हे कळले, असे होत नाही. हा प्रश्न सर्वांत अवघड होऊन बसला तो हाँगकाँगच्या कौलून भागातल्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत. तेहतीस मजल्यांच्या इमारती, प्रत्येक मजल्यावर आठ घरे. मार्चमध्ये एक आजारी माणूस ‘ई’ इमारतीत भावाकडे दोनदा येऊन गेला. त्याला जुलाब होत होते आणि त्याने तिथले शौचालय वापरले. पुढच्या काही आठवड्यांत वसाहतीतल्या ३२९ जणांना सार्स झाला, त्यातले ४२ दगावले. एकमेकांचे तोंडही न पाहिलेली माणसे आजारी पडत होती. रुग्णांची घरे नकाशावर मांडली, तेव्हा ती एकाखाली एक अशा उभ्या रांगेत दिसली. उभी रांग म्हणजे सांडपाण्याचा नळ.

आपल्याकडे प्लंबर ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात, तसाच सापळा तिथे प्रत्येक न्हाणीघरात जाळीखाली होता. त्याच्या वाकात पाणी साचून राहते आणि खालच्या नळातली हवा घरात येऊ देत नाही. आपल्या शहरांत महिनोन्‌महिने बंद असलेला फ्लॅट उघडला की न्हाणीघरातून जी दुर्गंधी येते, तिचे कारण हे पाणी सुकलेले असते. अमॉय गार्डन्समध्ये घरे बंद नव्हती. पण तिथले लोक जमीन धुण्याऐवजी पुसून घेत, त्यामुळे जाळीत पाणी जाईना आणि कित्येक सापळे कोरडे पडले होते. त्यातच न्हाणीघराचा पंखा. दार लावून पंखा सुरू केला की तो आतली हवा बाहेर फेकतो आणि तिची जागा घ्यायला कोरड्या जाळीतून नळातली हवा वर येते. एखाद्याने पाणी सोडले की नळात उडणारे बारीक तुषार त्या हवेबरोबर घरात येत, मग पंखा त्यांना दोन घरांमधल्या अरुंद चौकात ढकली आणि तिथून ते खिडक्यांतून वरच्या घरांत शिरत. एकही घटक मुद्दाम वाईट नव्हता. नळ, पंखा, चौक, पुसण्याची सवय, सगळे एकत्र आले एवढेच.

पुढे हाँगकाँगच्या आरोग्य खात्याने नागरिकांना एक सूचना दिली, ती आजही चालू आहे: आठवड्यातून एकदा प्रत्येक जाळीत अर्धा लिटर पाणी ओता. ‘ई’ इमारत रिकामी करून रहिवाशांना सुट्टीच्या शिबिरांमध्ये नेऊन ठेवले. रुग्णांचे पत्ते जुळवायला हाँगकाँग पोलिसांची गुन्हे-तपासाची संगणक प्रणाली कामी आली. संपर्क शोधणे आणि गुन्हेगार शोधणे यांत फारसा फरक नाही, हे त्यामुळे अधिकाऱ्यांच्याही लक्षात आले असावे.

रुग्णालयांची गोष्ट याहून वेदनादायक आहे. जगभरातल्या रुग्णांमध्ये सुमारे २१ टक्के आरोग्य कर्मचारी होते. हाँगकाँगच्या प्रिन्स ऑफ वेल्स रुग्णालयात मेट्रोपोलशी संबंध असलेल्या एका रुग्णाला दम लागत होता म्हणून नेब्युलायझर लावला आणि त्या वाफेने तुषार वॉर्डभर पसरले. डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी, शेजारच्या खाटांवरचे रुग्ण आणि त्यांना भेटायला आलेले नातेवाईक, सगळेच त्यात सापडले. उलट, पाच रुग्णालयांत झालेल्या एका पाहणीत दिसले की मास्क, हातमोजे, झगा आणि हात धुणे ही चारही पथ्ये पाळल्याचे सांगणाऱ्या ६९ जणांपैकी कोणालाही लागण झाली नाही, आणि बाधित झालेल्या तेराही जणांकडून किमान एक पथ्य सुटले होते. यात नवे काय, असे कुणी विचारील. नवे काहीच नव्हते, फक्त चारही गोष्टी प्रत्येक वेळी करायच्या होत्या. टोरांटोने मे महिन्यात, संपले असे समजून, जरा हात सैल सोडला आणि लगेच दुसरी लाट आली.

एवढ्या साध्या उपायांनी साथ थांबली, त्याचे खरे कारण विषाणूच्या स्वभावात होते. लागण झाल्यावर साधारण दोन ते दहा दिवसांनी ताप येई, आणि शरीरातल्या विषाणूंचा कळस आजाराच्या दहाव्या दिवसाच्या सुमारास होई. म्हणजे माणूस सर्वाधिक धोकादायक होई तोवर तो अंथरुणाला खिळलेला असे. ताप मोजायचा, तापाच्या माणसाला वेगळे ठेवायचे, त्याच्या संपर्कातल्यांना दहा दिवस घरी बसवायचे, एवढे चोख केले की साखळी तुटत असे. सिंगापूरने शाळेतल्या मुलांना थर्मामीटर वाटले आणि घरी विलग केलेल्यांच्या घरांत कॅमेरे बसवले. २०१९च्या अखेरीस प्रकटलेला त्याचा चुलतभाऊ, कोविडचा विषाणू, लक्षणे दिसण्याआधीच पसरू लागतो, म्हणून तीच ताप-तपासणी त्याच्यापुढे निष्प्रभ ठरली.

भारतात २००३च्या एप्रिलमध्ये गोव्यातल्या एका सागरी अभियंत्याच्या बातमीने घबराट उडाली, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत नमुने तपासले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अखेरच्या यादीत भारताच्या नावापुढे तीन संभाव्य रुग्ण आहेत आणि मृत्यू एकही नाही.

मूळ शोधायला निघालेल्यांना मे २००३ मध्ये शेनझेनच्या बाजारात खाण्यासाठी ठेवलेल्या उदमांजरांत जवळपास हाच विषाणू सापडला. २००५ मध्ये माग घोड्याच्या नालासारखे नाक असलेल्या वटवाघळांपर्यंत पोचला, आणि २०१७ मध्ये युनानमधल्या एका गुहेतल्या वटवाघळांत त्याचे जवळपास सगळे तुकडे मिळाले. साथ संपल्यावरही सार्स चार वेळा उफाळला. एकदा ग्वांगडोंगमध्ये, बहुधा जनावरांकडून, आणि तीनदा सिंगापूर, तैवान व बीजिंगमधल्या प्रयोगशाळांतून. बीजिंगच्या प्रसंगात एका संशोधिकेकडून लागण होऊन तिची आई वारली. त्यानंतर, म्हणजे २००४ पासून, माणसांत सार्सचा एकही रुग्ण नोंदला गेलेला नाही.