वृंदावनावरील गेरूचा हात

कार्तिक शुद्ध द्वादशी जवळ आली की घरोघरी तुळशीवृंदावनाकडे लक्ष जाते. वर्षभर ज्याच्यापुढे सांजवात लागते, त्याला आता विवाहासाठी सजवायचे असते. कोणी चुन्याने रंगवितो, कोणी गेरूने सारवितो, कोणी दर्शनी बाजूस ‘राधादामोदर प्रसन्न’ अशी अक्षरे काढतो. अलीकडे मात्र बाजारातून तैलरंगाचा डबा आणून वृंदावनावर फिरविण्याची सोय सर्वांनाच आवडू लागली आहे. या सोयीविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे. तो विद्वत्तेने नव्हे, अपराधाने प्राप्त झालेला आहे.

आमच्या वाड्यातील वृंदावन दगडी नाही, विटांचेही नाही. ते भाजलेल्या मातीचे आहे. १९६४ साली मातोश्रींनी ते गावातल्या कुंभाराकडून मुद्दाम घडवून घेतले. त्या वेळी मी चार वर्षांचा होतो. माती ओली असतानाच कुंभाराने ते आमच्या ओसरीवर आणून ठेवले आणि आईने दुपारभर बसून त्यावर आपल्या हाताने नक्षी उठविली. चातुर्मासात ती गोपद्मे काढीत असे. तीच गोपद्मे तिने काडीने कोरली, तुळशीच्या मंजिऱ्या दाबून त्यांचे ठसे घेतले, आणि वरच्या कडेला उजव्या अंगठ्याचे ठसे एकाला एक लावून गोल फिरविले. नंतर ते सुकले, आव्यात गेले, आणि शेंदरासारखे तांबूस होऊन परत आले. प्रतिवर्षी द्वादशीच्या आदल्या दिवशी आई त्याला गेरूचे पाणी देई आणि ओल्या फडक्याने पुसून घेई. लावलेला रंग पुसायचा कशाला, हे कोडे मला बालपणी उलगडले नाही. पुढे विचारायचेही राहून गेले.

१९९६ साली धाकट्या बहिणीचे लग्न निघाले. आई दोन वर्षांपूर्वीच गेली होती. घराला रंग लागत होता. रंगारी म्हणाला, ‘बुवा, वृंदावनही करून टाकू का? हिरवा तैलरंग दोन हात दिला की पुन्हा पाहायला नको.’ मी मान डोलावली. लग्नात वृंदावन चकचकीत दिसले, सर्वांनी वाखाणले. बहीण तेवढी त्याच्याजवळ जाऊन मुकाट्याने परत फिरली.

येथे मातीचा स्वभाव थोडा सांगितला पाहिजे. आपल्या कुंभारांच्या आव्याची धग साधारण सातशे ते साडेआठशे अंश सेल्सिअसपर्यंत जाते. चिनीमातीची भांडी याच्याहून पुष्कळ अधिक उष्णतेला भाजतात, म्हणून त्यांचे अंग काचेसारखे घट्ट होते. आव्यातील माती भाजते खरी, परंतु तिची सूक्ष्म छिद्रे उघडीच राहतात. माठातले पाणी गार होते ते याच छिद्रांमुळे. वृंदावनात रोज पाणी पडते; ते भिंतीत मुरते आणि बाहेरच्या अंगाने वाफ होऊन जाते. तैलरंगाने ही वाट मी बंद केली. पाण्याबरोबर येणारे क्षार रंगाच्या सालीखाली साठले, त्यांचे स्फटिक झाले, आणि चारपाच वर्षांत ठिकठिकाणी फोड येऊन पापुद्रे सुटू लागले. एकेका पापुद्र्यासह मातीची कातडीही निघू लागली. त्यापूर्वीच, दोन हात जाड रंगाखाली, गोपद्मे आणि मंजिऱ्या बुजून गेल्या होत्या. आईच्या अंगठ्यांच्या जागी नुसती लाटालाटांची कड उरली होती.

गोरोबाकाकांचे आख्यान मी आजवर शेकडो वेळा लावले असेल. तेरच्या त्या संताने मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून थापटणे हाती घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, हा प्रसंग रंगवून सांगताना श्रोते डोलतात. पण थापटणे हाती धरल्यावर ते किती जड लागते, हे मला ठाऊक नव्हते. ते कळले, जेव्हा मी ओशाळा होऊन आमच्या कुंभारबाबांच्या अंगणात गेलो. आईचे वृंदावन ज्यांनी घडविले त्यांचे हे चिरंजीव. वय माझ्याहून अधिक. त्यांनी येऊन वृंदावन पाहिले, बोटाने एक पापुद्रा उचलला, आणि म्हणाले, ‘बुवा, देवाला रेनकोट घातलात की!’

पुन्हा आव्यात घालून रंग जाळता येईल का, असे मी विचारले. ते नको म्हणाले. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते, त्याचा धूर विषारी. शिवाय क्षार खाल्लेले अंग दुसऱ्यांदा धग सोसेल याचा भरवसा नाही. मग आम्ही ओल्या फडक्यांत वृंदावन गुंडाळून ठेवू लागलो. रंग जेथे फुगून सुटेल तेथे बांबूच्या कामटीने तो हळूच उचलायचा, लोखंड लावायचे नाही, असा त्यांचा दंडक. या कामाला माझ्या वीस दुपारी लागल्या. मागच्या बाजूचा थोडा हिरवा रंग अजूनही निघालेला नाही, आणि कडेचे तीन अंगठे पापुद्र्यांबरोबर कायमचे गेले.

रंग निघाल्यावर जे दिसले ते सपाट आणि फिकट होते. नक्षी आहे हे हाताला कळे, डोळ्याला कळत नसे. तेव्हा कुंभारबाबांनी गेरू मागविला. अमरकोशात ज्याला गैरिक म्हटले आहे तोच हा. मेघदूतातील यक्षाने शिळेवर प्रियेचे चित्र रेखाटले तेही अशाच धातुरंगाने. रासायनिक दृष्टीने तो लोखंडाचा ऑक्साइड मिसळलेली माती होय. कुंभारबाबांनी तो कुटून वस्त्रगाळ केला, पाण्यात ढवळला, जड कण तळाशी बसू दिले आणि वरचे गढूळ पाणी तेवढे ओतून घेतले. त्यात भिजवलेल्या बाभळीच्या डिंकाचे थोडे पाणी घातले. ताकाइतके पातळ, त्याहून दाट नाही.

लावण्यापूर्वी त्यांनी वृंदावनाला साधे पाणी पाजले. कोरडी भाजकी माती तहानलेली असते; ती रंग एका घोटात पिऊन टाकते आणि मग डाग पुसता पुसत नाहीत. ओल्या अंगावर कुंचल्याने गेरूचे पाणी सर्वत्र दिले, प्रत्येक खाचेत मुद्दाम पोचविले. वरची चकाकी जाऊन पाणी मुरेपर्यंत थांबले. नंतर पिळलेले फडके तळहाताला ताणून धरून ते उंचवट्यांवरून हलके फिरविले. फडके खाचेत बुडता कामा नये. आणि दर दोन पुसण्यांनंतर ते धुतले पाहिजे, नाहीतर पुसलेला रंगच परत लागतो. उंचवट्यावरचा गेरू निघाला, खोलगट भागातला राहिला. एवढीच विद्या! पण मंजिरीचा दाणा नि दाणा उठून आला.

शाकुंतलाच्या सहाव्या अंकात राजाने काढलेले चित्र पाहताना विदूषक म्हणतो की, त्यातील निम्नोन्नत प्रदेशांवर आपली दृष्टी ठेचकाळते. हा ‘निम्नोन्नत’ शब्द मी विद्यार्थ्यांना कित्येक वर्षे शिकविला. त्याचा अर्थ मला त्या संध्याकाळी अंगणात कळला. सखलात सावली साचली की उंची आपोआप दिसते. कोकण-गोव्यातील देवळांच्या भिंतींवर कावेची चित्रे असतात; तेथेही तांबड्या कावेचा थर खरवडून खालचा पांढरा चुना दाखवितात. रीत निराळी, पण जे काढून घेतले त्यामुळेच चित्र उभे राहते, हे दोन्हीकडे सारखे.

डिंकात कालविलेला हा रंग पावसाने उतरतो. त्यात बिघडले काहीच नाही. पुढच्या कार्तिकात पुन्हा द्यावा. पक्काच हवा असेल तर भट्टीची वाट आहे. माझ्या नातवाच्या शाळेत विजेची भट्टी आहे. तेथे मुलांनी ओल्या पणत्यांवर गव्हाचे दाणे, सुतळी आणि पिंपळाची पाने दाबून नक्षी केली, त्या एकदा भाजल्या, मग लोखंडाच्या ऑक्साइडच्या पाण्यात फ्रिट नावाची काचेची बारीक भुकटी मिसळून ते पणत्यांना दिले, स्पंजने पुसले आणि सुमारे हजार अंशांवर पुन्हा भाजले. भुकटी वितळून रंगाला धरून ठेवते. तिच्यावाचून नुसता ऑक्साइड भाजल्यानंतरही बोटाला लागतो. काळसर छटेसाठी मँगॅनीज आणि हिरवट छटेसाठी तांब्याचे ऑक्साइड वापरतात. परंतु ही द्रव्ये विषारी आहेत. त्यांची पूड श्वासात जाऊ देऊ नये, आणि नैवेद्याच्या किंवा जेवणाच्या भांड्याला ती लावूच नयेत. पिवळी माती वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे, की भट्टीत तिच्यातले पाणी निघून जाते आणि ती तांबडी होते. तांबड्या मातीच्या खाचांत पांढरी खडी भरली तर रांगोळी घातल्यासारखे दिसते, तेही सुंदर. सोनेरी रंग मात्र मला पटत नाही; त्याने सगळेच एकसारखे चमकते.

असो. फडके फिरवून झाल्यावर मी कडेचे अंगठे मोजले. अठ्ठावीस उरले होते. गेरू रेषारेषांत बसला होता, आणि प्रत्येक ठशात एक आडवी बारीक रेघ होती, त्वचेच्या वळणांना छेदून जाणारी. प्रथम वाटले, मातीला तडा असेल. पण ती सर्व ठशांत त्याच जागी होती. मग आठवले. नारळ खोवताना विळीने आईचा अंगठा कापला होता, त्याचा तो व्रण. जाड हिरव्या रंगाखाली मी तो बुजविला होता. त्याआधी तीस वर्षे तो डोळ्यांसमोर असून पाहिला नव्हता.

बहिणीला पत्राने कळविले. ती द्वादशीला आली, मंगलाष्टकांपूर्वीच वृंदावनापाशी गेली, आणि एकेका ठशात आपला अंगठा ठेवून पाहू लागली. गेरू अजून ओलसर होता. तिच्या अंगठ्याला तो लागला, तो तिने पुसला नाही. तसाच हात जोडून ती अंतरपाटाजवळ उभी राहिली.