झीन म्हणजे काय?

नाशिक रोडच्या नोट मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापतात आणि तिथे कागदाच्या तुकड्याचाही हिशेब लागतो. झीन म्हणजे आपणच काढलेली छोटी पुस्तिका; तिचा कारभार नेमका उलटा. स्वतः लिहा, चित्रे काढा, झेरॉक्स काढा, वाटून टाका. प्रकाशक नको, ठरलेली तारीखही नको.

मराठीला हे नवे नाही. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी १९५४ मध्ये ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइलवर काढले. पुढे अशोक शहाणेंचे ‘असो’ आले. शहाणेंच्याच प्रास प्रकाशनाने २००४ मध्ये कोलटकरांच्या ‘काळा घोडा पोएम्स’ छापल्या. त्यांत फूटपाथवरची न्याहारी आहे, भटका कुत्राही आहे. माझ्या मते शहर असे रस्त्याच्या पातळीवरूनच नीट दिसते. सिनेमात चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ (२०१४) हेच करतो. खटला चालू असतो, पण कॅमेरा सरकारी वकील बाईंच्या स्वयंपाकघरातही जातो.

झीन करायला एक ए-फोर कागद पुरतो. तीनदा दुमडा, मधल्या घडीवर एक काप द्या, आठ पानांची पुस्तिका तयार. विषय हवा असेल तर नाशिक रोडच्याच बिटको चौकातल्या दुकानांच्या पाट्यांपासून सुरुवात करा.