दारिद्र्याची मालकी कोणाची?

जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस असिसीच्या चर्चमध्ये सोन्याचा मुलामा दिलेली भलीमोठी वेदी आहे. तिच्यावर क्रुसावरचा येशू, शेजारी संत फ्रान्सिस आणि दोघांच्या पायाशी फ्रान्सिसच्या संघाची तीन व्रतं: दारिद्र्य, नम्रता, आज्ञापालन. सोन्यात मढवलेलं दारिद्र्य पाहून हसू यावं. पण पोर्तुगीज गोव्यात येण्याच्या कितीतरी आधी याच प्रश्नाने हा संघ पोखरून निघाला होता.

फ्रान्सिस हा इटलीतल्या असिसीच्या श्रीमंत कापड व्यापाऱ्याचा मुलगा. पडक्या चर्चच्या डागडुजीसाठी त्याने बापाचं कापड विकलं, घोडाही विकला. बापाने बिशपपुढे तक्रार नेली, तेव्हा पोराने पैसे परत केलेच, वर अंगावरचे कपडेही उतरवून दिले. ही १२०६ च्या सुमाराची गोष्ट. देव आणि धन या दोघांची चाकरी जमत नाही, ही येशूची शिकवण चर्चमध्ये सगळेच ऐकत. फ्रान्सिसने ती अक्षरशः घेतली. १२२३ च्या नियमावलीत संघातल्या बंधूंना नाणी घ्यायला मनाई झाली, मध्यस्थामार्फतसुद्धा!

एकट्या माणसाला हे पेलतं. पण १२२६ मध्ये फ्रान्सिस वारला तेव्हा बंधू हजारोंच्या घरात गेले होते. त्यांना मठ हवे होते, पुस्तकं हवी होती.

मग वाटा निघाल्या. १२३० मध्ये पोप नववे ग्रेगरी यांनी सांगितलं, पैसे दात्याच्या प्रतिनिधीने सांभाळावेत. पुढे १२४५ मध्ये ठरलं की संघाच्या वस्तूंची मालकी पोपच्या गादीची, बंधूंनी त्या फक्त वापरायच्या. आजच्या भाषेत हा बेनामी व्यवहारच: मालक कागदापुरता आणि उपभोग दुसऱ्याचा.

कडव्या बंधूंना ही पळवाट मान्य नव्हती. त्यांच्यातल्या चौघांना १३१८ मध्ये मार्सेत जिवंत जाळण्यात आलं. पण सोयीचा अर्थ लावणाऱ्यांनाही पोप बाविसावे जॉन यांनी सोडलं नाही. खाऊन संपणाऱ्या वस्तूचा वापर एकाचा आणि मालकी दुसऱ्याची, हे कसं शक्य आहे, असं विचारत त्यांनी १३२२ मध्ये ती मालकी नाकारली. येशू आणि त्याच्या प्रेषितांच्या मालकीचं काहीच नव्हतं असा हट्ट धरणं, हे पुढच्याच वर्षी पाखंड ठरलं.

संघाचा प्रमुख मिकेले आणि तत्त्वज्ञ विल्यम ऑकम यांनी १३२८ मध्ये पोपच्या आव्हिन्योंतून पळ काढला. त्यांना आसरा मिळाला तो पोपशी वैर धरलेल्या सम्राट लुडविगकडे.